रजा कोणी घ्यायची

निपाणी, १७ जानेवारी १९४६

अण्णा, तुम्ही जाऊन वीस वर्षं होत आली आणि एवढ्या काळात मी तुम्हांला एक ओळही लिहिली नाही, याची आधी माफी मागतो. कॉलेजात असताना महिन्याला एक कार्ड टाकत होतो. पण तुम्हांला अक्षर येत नव्हतं. वडगावच्या आपल्या गल्लीत जो सापडेल तो ते मोठ्यानं वाचून दाखवायचा, त्यामुळं त्यात खुशालीपलीकडे काही लिहिण्याची सोयच नव्हती. आता मधे वाचणारा कोणी नाही. पत्र पेटीत टाकायचंही नाही. तेव्हा जे तुमच्या हयातीत बोलायला हवं होतं ते लिहून पाहतो.

माझा धाकटा मुलगा चौदा महिन्यांचा आहे. दिवाळीपासून त्याच्या छातीची ही तिसरी खेप. आधी नुसतं नाक वाहतं, मग खोकला, मग छाती घरघरायला लागते आणि श्वासागणिक बरगड्यांखालचं पोट आत ओढलं जातं. शेजारच्या म्हातारीनं पाहिलं आणि म्हणाली, "डबा झालाय पोराला, पोटावर डाग द्या." तापल्या सळईचा तो डाग मी देऊ दिला नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत, उतार पडेल म्हणतात. फक्त त्याला निजवू नका, उभा धरा, असं बजावलं आहे. आडवा केला की तो गुदमरतो. खांद्याशी उभा धरून फिरत राहिलं तर डोळा लागतो. आज संध्याकाळी त्याची आई चुलीपाशी होती म्हणून मी घेतला. सोप्यात चार येरझारा झाल्या असतील, एवढ्यात माझ्या ध्यानात आलं की हे चालणं मी पाहिलेलं आहे.

तेव्हा मी कॉलेजातून सुट्टीला घरी आलो आहे. धाकटी बहीण वर्षाचीही नाही, तिला असाच छातीचा आजार. तुम्ही धोतराच्या सोग्यात तिला गुंडाळून, छातीशी धरून गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरता आहात, आणि घरात मागाच्या खड्ड्यात पाय सोडून आई बसली आहे. तिला विणता येत होतं, पण हात सावकाश. धोट्याचा आवाज अडखळत यायचा आणि बाहेर सगळ्या गल्लीला कळायचं की आज मागावर कोण आहे. सकाळी रस्त्यात कुणाचा तरी ताणा पसरून त्याला खळ लावायची पांजणी चालू असायची. ते काम एकट्याचं नव्हे. आज तुमच्या ताण्याला आम्ही, उद्या आमच्या ताण्याला तुम्ही, अशी सावड. तुमचे हात गुंतलेले, म्हणून तुम्ही जाऊ शकत नव्हता. माणसं खळीचा कुंचा थांबवून हाका मारायची.

"काय रं, बायकूला खड्ड्यात उतरवलंस आणि सोता पाळणा झालास व्हय?"

"आता दूध बी पाजतोस का न्हाय?"

तुम्ही हसायचा. "पाजलं असतं की, पर देवानं तेवढं दिलं न्हाय," म्हणायचा आणि पुढं चालू लागायचा. मी उंबऱ्यावर पुस्तक उघडून बसलो होतो. माझे कान तापले होते. ते लोक तुम्हांला हसतात याचा राग मला त्यांचा यायला हवा होता. आला तुमचा.

त्याच दिवशी दुपारी मी तुम्हांला हिशेब शिकवला. आईचं एक लुगडं उतरतं तेवढ्यात तुमची दोन उतरतात. तुम्ही पांजणीला गेला नाहीत म्हणून आपल्या ताण्याला मजुरीनं माणसं लावावी लागणार. म्हणजे पोरीच्या एका खोकल्यापायी घराचं नुकसान दोन्हीकडून. उलट करा, आईनं पोरगी घ्यावी, तुम्ही मागावर बसावं. मी हे शांतपणे, वर्गात समजावून सांगावं तसं सांगितलं. "एवढं साधं कळत नाही का, अण्णा?" असंही शेवटी म्हणालो.

तुम्ही चालायचे थांबला नाहीत. "कळतंय की. पर तुझी आई तीन रात्री उभी हाय रं. मागावर बसली की बसती तरी."

मला ते उत्तर अडाण्याचं वाटलं. धाकटी बरी झाली; आज ती चिकोडीत चार लेकरांची आई आहे. मजुरीची माणसं मात्र लावावीच लागली, आणि त्या वर्षी सणाला घरात नवं काही आलं नाही. माझा हिशेब बरोबर होता, असं मी बरीच वर्षं धरून चाललो.

आता इथलं सांगतो. तुमची सून मुलींच्या शाळेत शिकवते. जागा कच्ची आहे; खाडा झाला की पगार कापतात. मुलाच्या पहिल्या दोन्ही आजारांत तीच घरी राहिली. परवा तिच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "आता पुन्हा असं झालं तर मला दुसरं माणूस बघावं लागेल." हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी म्हणालो की माझा पगार मोठा आहे, घर त्यावर चालतं, तेव्हा रजा तिनंच काढणं शहाणपणाचं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली,

"अहो, तुमची किरकोळ रजा भरपगारी. मी राहिले तर पगार जातो, आणि आता नोकरीही जाईल. तुम्ही राहिलात तर काहीच जात नाही. शाळेत गणित तुम्हीच शिकवता ना?"

मी बाहेर येऊन बसलो. तिचं म्हणणं खरं होतं. इतके महिने शहाणपणाचं म्हणून जे बोलत होतो त्याची बेरीज मी एकदाही मांडलेली नव्हती. हिशेब हे निमित्त होतं. मला मास्तरांच्या खोलीत जाऊन 'मूल आजारी आहे, मी त्याला घेऊन घरी बसणार' असं सांगायचं नव्हतं.

आणि का नव्हतं, तेही लिहायलाच हवं. गेल्या पावसाळ्यात आमच्यातल्या एका तरुण मास्तरानं याच कारणासाठी रजा घेतली. तो परत आला तेव्हा, "काय सुईणबाई, न्हाऊमाखू झालं का?" असं मीच विचारलं. सगळे खो खो हसले. त्याला अजून काही जण सुईणबाई म्हणतात. तो तुमच्यासारखा हसला नाही. मान खाली घालून खडू शोधत राहिला. गल्लीतली ती माणसं अडाणी होती, अशी मी समजूत करून घेतली होती. अण्णा, त्यांच्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की मी शाळेत बसून तेच बोललो.

मुलगा आता आईच्या खांद्यावर आहे. तीही उभी आहे, केव्हाची. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. मघाशी रजेचा अर्ज लिहायला घेतला तर कारणापाशी हातानं आपोआप 'मला ताप आल्यामुळे' असं लिहिलं. कागद फाडून टाकला.

उद्याचं काम : लवकर शाळेत जाऊन रजा तोंडी मागणे, कारण 'मूल आजारी' हेच, आणि तो तरुण मास्तर खोलीत असताना सांगणे, मुलाची आई कामावर निघायच्या आत परत येणे.