प्लगच्या वायरी माझ्याकडे आहेत

बाबा,

गाडी सुरू होणार नाही. प्लगच्या चारही वायरी घेऊन मी बसने बुलावायोला जातेय. इंजिन अडखळतं ते तिसऱ्या वायरीमुळे; पाणी शिंपडून पाहिलं, तिच्यातूनच ठिणग्या उडत होत्या. आता पुन्हा तपासू नका.

काल चालू इंजिनावर ओणवे होऊन एकेक वायर उपटून बघत होतात. वर म्हणे, "चाळीस वर्षं असंच करतोय!" चाळीस वर्षं छातीत पेसमेकर होता का? चालू इंजिनापासून लांब राहा, असं डॉक्टरांनी माझ्यासमोर बजावलं होतं.

कालचा चहाचा कप मांजरीने फोडला, असं आईला सांगितलंय. तुम्हाला तसं पाहून तो माझ्याच हातून पडला.

मक्याची लापशी झाकून ठेवलीय. खाऊन गोळी घ्या.

नवी वायर संध्याकाळपर्यंत आणते. बाप कुठल्या दुकानातून आणू?

नोझिफो