जवसाच्या तेलातली आई

२६ एप्रिल १९५९, समुद्रपूर
ठरलं. वासुदेवरावाचा सूड घ्यायचा. रागानं नाही, सायंटिफिक पद्धतीनं. हा जाम गावचा माणूस माझा शाळासोबती, आणि फेब्रुवारीपासून व्याही. त्याच्या आईच्या फोटोला मी स्वतः फ्रेम करून दिली होती, कणकेच्या खळीनं मस्त चिकटवून. वाळवीनं फोटो खाल्ला. वाळवी त्याच्या भिंतीतली, दोष माझा! लग्नाच्या भर पंगतीत बोलला, "रूपरावानं माही माय वाळवीले जेवू घातली!" पंगत हसली. माझी बायको जयवंताही हसली. पदराआड, पण हसली.

२८ एप्रिल
मुंबईहून रेझिनचा डबा आला. मधासारखा रस; औषधाचे थेंब टाकले की काचेसारखा दगड होतो. आतला फोटो शंभर वर्षं जशाचा तसा. माझ्या आईचा एकुलता एक फोटो ट्रंकेत आहे, तोच घालणार. अक्षय तृतीयेला, पितरांच्या पूजेला, व्याही जेवायला येतील. पूजेत आई झळकेल. मी बोलणार काही नाही. नुसता त्याच्याकडे पाहीन.
जयवंता सासूला आत्याबाई म्हणते. म्हणाली, "आत्याबाईचा एकच फोटो हाय जी, पह्यले कॅलेंडरच्या कागदावर करून पाहा ना." ट्रायल घ्यायची ती नवशिक्यांनी.

३० एप्रिल
डब्यासोबतच्या कागदात लिहिलंय, फोटोला आधी दोन्ही बाजूंनी आणि कडांना पांढरा गोंद लावून पूर्ण वाळू द्या, नाहीतर कागद रस पितो. गोंद! गोंद म्हटलं की ती पंगत आठवते. मी जवसाचं तेल लावणार. बैलबंडीच्या चाकांना पावसाळ्याआधी आपण पाजतोच, मग लाकूड पाणी पीत नाही. कागद तरी कशाचा? लाकडाचाच. मुंबईवाल्यांना हे सुचलं नाही, त्यांच्याकडे बंड्या कुठे?

१ मे
तेल पाजलं. आई जरा सावळी पडली. कागदापलीकडचं माझं बोट दिसतं. जयवंता म्हणाली, "आत्याबाई अशा काऊन दिसून राह्यल्या, पुरात सापडल्यावानी?" सांगितलं, वाळलं की उजळेल.

५ मे
आई अजून ओलीच. सूड घाईचा नसतो. पण तिथी जवळ आली.

८ मे, दुपार
ओतलं. वेळ कमी म्हणून औषध दुप्पट. ऊन असं की कौलावर पापड भाजावा. रसातून धूर निघाला, साचा तापला, मग 'तट्' आवाज. म्हणजे घट्ट झालं. सून कोकिळा, वासुदेवरावाचीच लेक, दारातून विचारते, "मामाजी, काही फुटलं का?" म्हटलं, शास्त्र चालू आहे.

९ मे
ठोकळा काढला. पिवळसर. मधोमध तडा, पण पैलूसारखा शोभतो. आई आत आहे याबद्दल मला शंका नाही. दिसत मात्र नाही. एक काळपट डाग, कडेला पदर असावा. जयवंता दिवसभर माझ्याशी बोलली नाही. ठोकळ्याशी बोलली, "आत्याबाई, माफ करजा."

१० मे, अक्षय तृतीया
जयवंतानं ठोकळा पूजेत घेतला नाही. आईच्या नावानं घागर आणि सुपारी मांडली. मी हटलो नाही, ठोकळा सरळ वासुदेवरावाच्या हातात दिला. टोमणा आला की हाणायला उत्तरं तयार होती. तो नुसता पाहत बसला. उत्तरं वाया गेली.

मग कोकिळा म्हणाली, "आजी होत्या कशा मामाजी? मी तं पाह्यलंच नाई त्याईले." मी लगेच सांगितलं, उंच, डाव्या गालावर गोंदण. वासुदेवराव हळूच म्हणाला, "गालावर नाई रूपराव, हनुवटीवर. तीन ठिपके. अन् उंच कुठची? शिंक्यावरचं दही काढाले पाटावर उभी राहे बिचारी. हासली का तोंडावर हात ठेवे." जयवंता मान हलवायला लागली. पुरण थंड झालं तरी तो सांगतच होता. मलाही बरंच नवीन होतं.

गाल मी मुद्दाम सांगितला होता, त्याची परीक्षा म्हणून. पास झाला.

संध्याकाळची जामची बस निघून गेली. मीच जाऊ दिलं नाही त्याला. शत्रू नजरेसमोर असलेला बरा. शिवाय आई जात्यावर काय म्हणायची, ते त्याचं अर्धंच सांगून झालंय.