आत्याच्या सेटचं कथील काढताना

जैनथ, रविवार, सकाळचे पावणेअकरा

आदरणीय रुक्माआत्या,

तुमच्या भाचीचा, मैत्रीचा, तुम्हाला आणि घरातल्या सगळ्यांना जयभीम. तुमचा गुडघा आता बरा आहे हे मला कळलं आहे (कुठून कळलं ते पुढे सांगते, आधी बसून घ्या). आमच्याकडे सगळं ठीक. हर्षदीप ढोरांच्या दवाखान्यात, मी शाळेत आणि सासूबाई आम्हा दोघांच्या मागे. हे प्रेमाने लिहिते आहे, कारण पत्र पोस्टात पडायच्या आधी त्या वाचणार आहेत.

मी हॅम रेडिओच्या लायसनची परीक्षा पास झाले तेव्हा तुम्ही स्वतःच्या हाताने जोडलेला बोलायचा-ऐकायचा सेट मला दिलात. पोलीस वायरलेसमध्ये तीस वर्षं काढलेल्या बाईचं काम, त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त तो होता वीस मीटरच्या लहरींचा. त्यावर मला इंडोनेशियातला एक दंतवैद्य अगदी शेजारी बसल्यासारखा ऐकू यायचा, पण नागपूरच्या तुम्ही नाही, कारण त्या लहरी आपल्या जवळच्या माणसांच्या डोक्यावरून उडी मारून थेट लांब जाऊन पडतात. तुमची रविवारी दहाची रेडिओवरची बैठक चाळीस मीटरवर. म्हणून मी ठरवलं की सेटमधल्या जुन्या कॉइल आणि कपॅसिटर काढून नवे बसवायचे आणि तुम्हाला एकदम हाक मारायची. बसवणं मला येतं. काढणं येत नाही, हे मला माहीत नव्हतं. (नऊ वर्षं मुलांना भौतिकशास्त्र शिकवल्यामुळे स्वतःबद्दल शंका घ्यायची सवय मोडली आहे.)

पहिलं हत्यार आणलं ते तांब्याच्या बारीक तारांची विणलेली पट्टी. ती जोडावर ठेवून वरून इस्त्री, म्हणजे आपली सोल्डरची, टेकवली की वितळलेलं कथील ती वातीसारखं ओढून घेते. माझी इस्त्री पंचवीस वॉटची. तिची सगळी ऊब तुमच्या सर्किटच्या रुंद तांब्याने पिऊन टाकली, कथील अर्धवट वितळलं, परत गोठलं आणि पट्टी तिथेच चिकटली. मी ओढली. पट्टी आली, आणि तिच्यासोबत सर्किटवरची दोन बोटं लांबीची तांब्याची रेघही आली. मी ती उजेडात धरून बघितली. इतकी सबंध निघाली होती की क्षणभर मला अभिमानच वाटला.

मग इचोड्याच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून स्प्रिंगचा पंप आणला. "मॅडम, ये ले जाव, एकदम पावरफुल है," तो म्हणाला, आणि खोटं बोलला नाही. बटण दाबलं की पंप कथील आत ओढतो, आणि दांडा पुन्हा दाबला की ओढलेलं बाहेर फेकतो. यातला दुसरा भाग मी विसरले. आमच्या घरात अर्थिंगचा प्लग एकच, तो स्वयंपाकघरात. दांडा दाबला तेव्हा पंपाचं तोंड सासूबाईंच्या परातीकडे होतं. त्यांनी ज्वारीच्या पिठातून चमकता मणी काढून माझ्यासमोर धरला. "सुनबाई, हे भाकरीत घालाचं हाये का काढाचं हाये?" कथलात शिसं असतं म्हणून सगळं पीठ फेकलं. त्या दुपारी आम्ही तिघांनी केळी खाल्ली.

शेवटी हर्षदीपने म्हशीला टोचायची एक कोरी सुई आणून दिली. तिचं टोक मी कानशीने सपाट केलं. त्या पोलादाला कथील धरत नाही, म्हणून सुई पार्टच्या पायावर चढवायची, गरम करायची, फिरवायची, की पाय तांब्यापासून मोकळा. आत्या, खरंच जमलं! एका तासात कॉइल बाहेर, कपॅसिटर बाहेर. त्याच जोरात मी माझा आवाज हवेत फेकणाऱ्या मोठ्या ट्रान्झिस्टरकडे वळले. त्याला तीन पाय. एक सोडवावा तर बाकीचे दोन त्याला हलू देईनात. सासूबाई मागे उभ्या राहून बघत होत्या. "काऊन वं, सारे पाय एकाच वक्ती ओढून राह्यली? मधातून तोड ना त्याले. मंग एकेक पाय काढ." तसं का करता येत नाही हे मी त्यांना दहा मिनिटं समजावलं. त्या वरण ढवळायला गेल्या. त्या गेल्यावर मी तो मधातून तोडला आणि एकेक पाय काढला. तीन मिनिटं लागली.

मग बदलायच्या पार्टची यादी बघितली. तो ट्रान्झिस्टर यादीत नव्हताच. तो वीस आणि चाळीस, दोन्ही मीटरवर चालतो. तो बदलायचा नव्हता.

उखडलेल्या रेघेच्या जागी तार जोडली, नवे पार्ट बसवले आणि रविवारी दहाला सेट लावला. तुमचा आवाज आला. "मैत्री, मैत्री, हाये का तू?" मी माइक दाबून "हाये, आत्या" म्हणाले, पण आवाज बाहेर फेकणारा ट्रान्झिस्टर काडेपेटीत तुकडे होऊन पडलेला. आज चौथा रविवार. मला सगळं ऐकू येतं आणि तुम्हाला काहीच नाही. गुडघ्याचं ऐकलं. "पोरगी आळशी झाली" हेही ऐकलं. फोन तीनदा केला, तर तुम्ही "सेटवर बोल, फोनवर कोणीबी बोलते" म्हणून ठेवून दिलात. म्हणून हे पत्र. दर रविवारी मी त्या मुक्या माइकमध्ये "हाये, आत्या" म्हणतेच. तेवढं खरं माना.

तुमची आळशी नसलेली,
मैत्री

ता. क. तसला एक ट्रान्झिस्टर तुमच्या खणात असेल तर नागपूरच्या बसने येणाऱ्या कोणाजवळ द्या. दोन दिलेत तर बरं, माझा काही भरवसा नाही.

ता. क. दुसरा. आज तुम्ही बैठकीतल्या वर्ध्याच्या गृहस्थांना सांगत होतात की मैत्रीची सासू तिला सेटला हात लावू देत नसेल, लई खडूस बाई आहे. तेव्हा बयनाबाई, म्हणजे सासूबाई, माझ्या शेजारी डाळ निवडत बसल्या होत्या. त्या उठल्या आणि सेटचा आवाज मोठा केला.

ता. क. तिसरा, आणि खरं काम हेच. त्यांना तुम्हाला उत्तर द्यायचं आहे, तेही लायसन काढून, कायद्याने. परीक्षेचं माझं पुस्तक देते म्हटलं, तर म्हणाल्या, "तुह्यं नको. त्याच बाईचं आन." ट्रान्झिस्टर उशिरा आला तरी चालेल, आत्या. पुस्तक आधी पाठवा.