मगदूमांच्या बागेतली छाटणी

२ ऑक्टोबर १९७७, रविवार. सांगली.

या वहीची माफी मागतो. शेवटची नोंद २१ एप्रिलची. म्हणजे पाच महिने अकरा दिवस मी स्वतःशी एक अक्षर बोललेलो नाही. कारण परीक्षेचे पेपर, असे लिहिणार होतो. पण पेपर जूनमध्येच संपले. उरलेल्या दिवसांना कारण नाही. हे लिहून टाकले, बरे वाटले. प्रामाणिकपणा अजून शाबूत आहे.

वय चव्वेचाळीस पूर्ण. वनस्पतिशास्त्र शिकवायला लागून एकोणीस वर्षे झाली. या काळात हाताला माती किती वेळा लागली, असे आज स्वतःला विचारले. उत्तर : चॉक पुष्कळ लागला.

म्हणून संकल्प. यंदा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची मुले प्रत्यक्ष शेतात शिकतील. पाच जणांनी नावे दिली. चौघांनी परत घेतली. एक म्हणाला, "सर, शेतातनं सुटायला कॉलेजात आलोय. तुमी परत शेतातच घालताय व्हय?" यात उद्धटपणा किती आणि मुद्दा किती, यावर बराच विचार केला. निर्णय झाला नाही.

उरली चंदनबाला मगदूम. तासगाव रस्त्याला गाव, एस.टी.ने पाऊण तास. वडिलांनी अर्धा एकर द्राक्षबाग लावली आणि गेल्या वर्षी ते वारले. यंदा बागेचे पहिले खरे पीक. चुलते नानासो म्हणतात वेली काढा, ऊस लावा. पण भावाच्या हातची बाग म्हणून हे पीक बघायला ते कबूल झालेत. घड आले तर बाग राहील, नाहीतर ऊस. चंदनबालाने फक्त विचारले होते, प्रॅक्टिकलचे जर्नल घरच्या बागेवर लिहिले तर चालेल का. मी म्हणालो, जर्नल कसले, छाटणीपासून मी स्वतः उभा राहतो. ती काही बोलली नाही. आनंदाने गप्प झाली असावी.

५ ऑक्टोबर, बुधवार.

लायब्ररीतून द्राक्षावरचे परदेशी पुस्तक आणले. जाडजूड. कार्डावर पहिलेच नाव माझे. फळछाटणीत काडी किती ठेवायची, हा प्रश्न. काडीच्या प्रत्येक पेरावर एक फुगवटा असतो, त्याला इकडे डोळा म्हणतात. पुस्तक म्हणते, बुडाचे दोन डोळे ठेवा, वरचे सगळे छाटा. इतके वाचून झाले आणि लाइट गेले. कंदील लावता आला असता. पण मुद्दा स्पष्ट झाला होता.

सौ. लीलाला म्हणालो, उद्यापासून हातात कात्री धरायची सवय करतो. ती म्हणाली, "आधी दाढी करताना कापून घ्यायची सवय सोडा."

९ ऑक्टोबर, रविवार.

छाटणी! सकाळी आठला बागेत. चंदनबालाची आई चंपाबाई, कामाच्या दोन बायका, चंदनबाला, मी.

चंपाबाई अंगठ्याने काडी चाचपत वर वर जातात. सहाव्या-सातव्या डोळ्याशी थांबतात आणि तिथे कापतात. कारण विचारले. म्हणाल्या, "आवं सर, गोल गुबगुबीत डोळ्यात घड असतोय. बुडाच्या डोळ्यात नुस्ती पानं." वर म्हणाल्या की मालक गेल्यापासून हा अंगठाच हिशेब सांगतो. अंगठ्याने विज्ञान होत नाही, हे मी त्यांना दुखवणार नाही अशा बेताने सांगितले. दोन डोळे, का दोन, ते एका सपाट दगडावर चॉकने आकृती काढून दाखवले. बायका कात्री खाली ठेवून आकृती बघत होत्या.

चंदनबालाने आईकडे पाहिले. आई म्हणाली, "सर म्हणत्यात तर कर बाई. शिकलेली माणसं हायत."

दुपारी तिने हळूच विचारले, "सर, चार ओळी आईच्या पद्धतीनं ठेवू का?" मी म्हणालो, प्रयोगात भेसळ नको. ती "बरं सर" म्हणाली.

मी स्वतः अकरा काड्या छाटल्या. तळहाताला फोड आला. नंतर सावलीत बसून देखरेख केली. उरलेली बाग चंदनबाला दोन दिवसांत पुरी करील. चंपाबाईंनी दिवस मावळायच्या आत जेवायला बसवले; जैनांचे घर. भाकरी, कुळथाची आमटी. तृप्त. एकोणीस वर्षांतला पहिला खरा तास आज घेतला.

२० ऑक्टोबर, गुरुवार.

कॉलेजात चंदनबालाने सांगितले, दोन्ही डोळे फुटले, कोंब लय जोमात आहेत. मी वर्गात तिला उभे करून सर्वांना सांगायला लावले. ती खाली बघून बोलली. आत्मविश्वास वाढवायला हवा. तेही काम माझ्याकडे.

३० ऑक्टोबर, रविवार.

बागेत जाऊन आलो. हिरवीगार. कोंब हातभर. घड मात्र दिसला नाही. एकही नाही. जिथे घड यायचा तिथे चंदनबालाने बोट लावून दाखवले : बारीक कुरळी बाळी, म्हणजे पुस्तकातला ताणा, धरायला काहीतरी शोधत असलेली. शेजारच्या बागेत मोहरीएवढ्या कळ्यांचे घड लोंबत आहेत.

मी म्हणालो, उशिरा येतील. असे होते का, हे मला नक्की माहीत नाही. वाक्य तोंडून गेले, एवढेच.

चंपाबाई वेलीवर अंगठा फिरवत पुढे पुढे गेल्या. मागे वळून पाहिले नाही.

४ नोव्हेंबर, शुक्रवार.

पुस्तक परत करायचे म्हणून उघडले. त्या दिवशी जिथे लाइट गेले, त्याच्या पुढच्याच पानावर लिहिले आहे : बिनबियांच्या जातींना हा नियम लागू नाही, त्यांच्या बुडाच्या डोळ्यांत घड नसतो, काडी लांब ठेवावी.

मगदूमांची बाग बिनबियांची.

स्वतःला प्रामाणिकपणे विचारले : दोष कोणाचा? वीज मंडळाचा काही अंशी. पुस्तकाच्या मांडणीचा काही अंशी. माझाही. हे नानासोंना जाऊन सांगणे माझे कर्तव्य आहे, यात शंका नाही. पण ऐन दिवाळीच्या तोंडावर एखाद्याच्या घरी अशी बातमी नेणे बरे नव्हे. दिवाळीनंतर.

१३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज.

सांगायचेच म्हणून गेलो. पण नानासो आधीच सोप्यात बसलेले. चंदनबाला लाडवांचे ताट घेऊन आली. नानासो माझ्यादेखत म्हणाले, "बघा सर, थोरल्यानं लेकरागत वाढवली बाग. ह्या पोरीनं कात्री घेतली आनि बोडकी केली. मी म्हणत हुतो ठेवू बाग, पोरगी शिकतीया, करंल. पण तिच्या हाताला गुण न्हाई म्हटल्यावर ठेवायची कुणाच्या जिवावर?"

मी लाडू तोंडात घातला होता. तो संपेपर्यंत बोलता येईना. संपला तेव्हा विषय साखर कारखान्यावर गेला होता.

चंदनबाला ताट धरून उभी होती. चंपाबाईंनी तोंड उघडले, तशी तिने आईच्या मनगटाला हात लावला. केवढी प्रगल्भता! शेतातल्या शिक्षणाने माणूस किती खोल होतो, याचा हा पुरावा.

(नंतर, त्याच दिवशी.) वरचे शेवटचे वाक्य खोडावे का? खोडले तर वही खोटी होईल. राहू दे.

२६ नोव्हेंबर, शनिवार. सातारा.

'कामातून शिक्षण' या चर्चासत्रात माझे भाषण. मगदूमांच्या बागेवर वीस मिनिटे बोललो. विद्यार्थिनी कशी घडली, अंगठ्याचे ज्ञान आणि पुस्तकाचे ज्ञान यांचा मेळ कसा घातला. टाळ्या. एका वयस्कर गृहस्थांनी उठून विचारले, पीक कसे आले? मी म्हणालो, फळापेक्षा प्रक्रिया महत्त्वाची. आणखी टाळ्या.

गृहस्थ मात्र टाळ्या न वाजवता माझ्याकडे बघत राहिले. शेतकरी असावेत.

चहाला थांबलो नाही. स्टँडवर तास-दीड तास बसून राहिलो. सांगलीची गाडी लागली होती, तीही एक सोडली. का, ते कळले नाही.

११ डिसेंबर, रविवार.

चंदनबाला आता कॉलेज सुटल्यावर शेजारच्या गावी सुभेदार लालासाहेबांच्या बागेत जाते. पेन्शनीत आलेले फौजी, तीन एकर द्राक्ष. ती मला न विचारता गेली, याचे थोडे वाईट वाटले. आज बघायला गेलो.

घडातले दाटलेले मणी कात्रीने विरळ करायचे काम चालू होते. चार बायका आणि त्यांच्यावर ही. वर्गात खाली बघून बोलणारी मुलगी इथे ओरडत होती, "अंबूबाई, टोक आडवं धर, शेजारच्या मण्याला लागतंय! घाई कुठं लागलीया?" अंबूबाई म्हणाली, "सासूबाई परवडली गं!" सगळ्या हसल्या, तीही हसली. मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिले.

सुभेदार म्हणाले, "सर, ही इस्टूडंट हाय का कॅप्टन? एप्रिलची छाटणी हिच्याच हाताखाली करनार मी. काय शिकवलंय वो तुमी!"

तिची कात्री क्षणभर थांबली. मग पुन्हा चालू झाली.

मी 'मी नव्हे' असे म्हणालो नाही.

निघताना सुभेदारांनीच सांगितले, नववर्षाला मगदूमांची बाग निघणार, नानासोंनी बैल सांगून ठेवलेत. म्हणजे अजून तीन आठवडे आहेत. पुढच्या रविवारी नक्की.

१८ डिसेंबर, रविवार.

ताप. नव्याण्णव पॉइंट दोन.

२५ डिसेंबर, रविवार. वाई.

लीलाच्या मामांकडे बारसे. टाळता आले नसते. घाटावर बसलो. लीलाला सगळे सांगितले. तिने पाण्यात एक खडा टाकला. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? माझी कुठं बाग आहे?"

१ जानेवारी १९७८, रविवार.

संकल्प : पत्र लिहिण्यापेक्षा समक्ष सांगणे अधिक सरळ. म्हणून पत्र लिहिले नाही. थंडी फार. एस.टी. चुकली. दुसरी होती.

८ जानेवारी, रविवार.

आज गेलो.

बाग नाही. नववर्षाला निघणार, असे सुभेदार म्हणाले होते, पण निघाली काल. बैल कालच मिळाले. खड्डे, गुंडाळलेल्या तारांची वेटोळी, एका बाजूला वेलींचा ढीग. अंघोळीच्या बंबाला वेलीचीच लाकडे लागली होती. नानासो बांधावर उभे होते. मी तिथेच सांगितले. उभ्याउभ्या, एका दमात : दोन डोळे मी सांगितले. ती चार ओळी ठेवते म्हणाली, मी नको म्हणालो. तिचा दोष नाही.

नानासो ओरडतील असे वाटले होते. त्यांनी खड्ड्यांकडे पाहिले. मग म्हणाले, "भाऊबिजंला का न्हाई बोलला सर?"

मी पायाने एक ढेकूळ फोडले.

"मास्तर चुकला म्हटलं असतं, एक साल गेलं म्हटलं असतं. थांबलो असतो की. म्या पोरीच्या हाताला नावं ठिवली. काल ती हितं हुबी हुती, एक एक येल निघताना बघत."

ते खाली बसले. डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला. मी उभाच होतो. बसायला कोणी सांगितले नाही, आणि सांगितले असते तरी कुठे बसलो असतो ते माहीत नाही.

चंदनबाला घरामागच्या परड्यात होती. निघालेल्या वेलींच्या पिकल्या काड्यांचे वीत-दीड वीत तुकडे करून ओल्या वाफ्यात रोवत होती. म्हणाली, हंगाम हा नव्हे, पण निम्म्या जगल्या तरी पुष्कळ; सुभेदार बांधाकडेची पाच गुंठे जागा देणार आहेत. जून लागला की तिथे लावायच्या. हे सगळे तिने ठरवलेले होते. मला विचारायचे तिच्या मनातही आले नसावे.

मी विचारले, इतके दिवस काकांना का सांगितले नाहीस?

तिने हातातली काडी रोवली, भोवतीची माती अंगठ्याने दाबली. म्हणाली, "तुमी सांगाल असं वाटलं, सर."

रागाने म्हणाली नव्हती.

मग मीही वाफ्याशी बसलो. पँट मातीत. तिने काड्यांचा एक जुडगा माझ्याकडे सरकवला. तासभर दोघे रोवत होतो. मनात आले, चला, शेवटी हाताला माती लागली. इथून पुढे बरोबर होईल. असे मनात आले, हे लिहितो आहे.

ती माझ्या ओळीवरून परत आली आणि थांबली. "सर, ह्या उलट्या हायत." तिने कापताना बुडाचा काप तिरका ठेवला होता, शेंड्याचा सरळ, म्हणजे बघताक्षणी कळावे. मी तिरका काप वर ठेवून सात काड्या रोवल्या होत्या. काडीचे बूड आणि शेंडा, त्यांचे धर्म वेगळे, उलटी लावली तर नीट जीव धरत नाही, हे मी दर वर्षी ऑगस्टमध्ये शिकवतो. आकृतीसह.

ती हसली नाही. "ऱ्हाऊ दे सर" म्हणाली आणि स्वतः वाकली. मी म्हणालो, नको, मी करतो. पण चंपाबाई दारात येऊन हाका मारायला लागल्या : दिवस बुडतोय, पानं वाढलीत, हात धुवा. मलाही वाढले होते. त्या ताटात बघून वाढत होत्या, माझ्याकडे बघत नव्हत्या. जेवून बाहेर आलो तेव्हा अंधारून आले होते आणि शेवटची एस.टी. यायची वेळ झाली होती.

उद्या : पहिल्या गाडीने जाऊन त्या सात काड्या सुलट्या रोवणे.