फ्रेंचमध्ये तू मला मारलं नाहीस

आई,

परवा इथे रीडिंग गावात, डॉक्टरांच्या दवाखान्यात नव्या नर्सनं ब्लड प्रेशर घ्यायला माझी बाही वर सारली आणि दंडावरचा तो लांबट, चकाकणारा डाग बघून सहज विचारलं, हे कशानं झालं? इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, किचनमध्ये ॲक्सिडेंट. नवऱ्यालाही लग्नाआधी तेच सांगितलं होतं. परवा मात्र तोंडातून निघून गेलं, "आईनं भाजलंय." ती बिचारी पट्टा गुंडाळता गुंडाळता थांबली. "त्या आता कुठे असतात?" मी म्हटलं, "गेली. बरीच वर्षं झाली." मग तिनं बटण दाबलं आणि पट्टा फुगेपर्यंत दोघीही त्या आकड्यांकडे बघत राहिलो. घरी आले, चहा केला, तो तसाच गार झाला. तू गेल्यापासून तुझ्याशी बोलायला बसलेय ती आज पहिल्यांदा.

लेस्टरचं आपलं स्वयंपाकघर. बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीतलं, एकाला एक चिकटलेल्या घरांमधलं. कुकरच्या वाफेनं खिडकी धुरकटलेली असते. तू होजिअरीच्या कारखान्यातून येतेस, केसांत धाग्यांची लव अडकलेली, कोट न काढताच कुकर चढवतेस आणि माझ्याकडे पाठ ठेवून विचारतेस, "टेबल?" मी म्हणते, "ला ताब्ल." "पुस्तक?" "ल लिव्र." "घर?" मला आठवत नाही. मी अंदाजानं म्हणते, "ल..." आणि उलथनं बोटांच्या पेरांवर बसतं. "ला मेझों! ला! घर बाई असतं तिकडे, किती वेळा सांगू?" मराठीतही माझी तीच गत. 'तो खुर्ची' म्हटलं की थोबाडीत. भाषा म्हणजे काय कारखान्यातल्या चिंध्या वाटल्या का तुला, असं तू ओरडायचीस. पुण्यात तू फ्रेंच शिकवत होतीस, लोक घरी येऊन विचारत, बाई, आमच्या मुलीला घेता का. इथे मशिनवर सुपरवायझर तुला 'लव', म्हणजे 'लाडके', म्हणायचा आणि हात चालव म्हणायचा. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळायचं की तू दारातून आत कशी येतेस त्यावरून आजचा दिवस कसा जाणार ते ठरतं.

तू झिंज्या धरून मला फ्रिजवर आपटायचीस. एकदा माझा पुढचा दात हलला, तर तू मला आरशासमोर नेऊन तो दाखवलास आणि म्हणालीस, बघ, काय करायला लावतेस मला. बाबा मागच्या दारानं बागेत जायचे आणि मेथीच्या वाफ्याला पाणी घालायचे. पाऊस पडत असला तरी घालायचे. शेजारची मासी, गुजराती, ती भिंतीवर मुठी आपटायची. तेवढं ऐकू आलं की तू थांबायचीस, पदरानं तोंड पुसायचीस आणि मला वाढायचीस. पहिला घास तू मला हातानं भरवायचीस. ते मला माराहून अवघड जायचं.

चित्रं काढायला लागले कारण त्यात कुणी काही विचारत नाही. ए-लेव्हलच्या, इथल्या बारावीच्या, वर्षी आर्टच्या सरांनी माझं नाव दिलं आणि दक्षिण फ्रान्समधल्या एका गावातल्या समर प्रोग्रामला माझी निवड झाली. सकाळी चित्रकला, दुपारी तिकडची भाषा, म्युझियम, नाटक, बाजार. माहितीपत्रक फ्रेंचमध्ये होतं. रविवारची दुपार होती. तू ते हातात घेतलंस आणि मोठ्यानं वाचायला लागलीस. किती सुंदर वाचलंस गं. तुझा आवाज सैल झाला, खांदे खाली आले. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंस, कागदाची नीट घडी घातलीस, आणि कपडे कापायची मोठी कात्री घेऊन जिना चढलीस.

मी मागे धावले तेव्हा माझा पोर्टफोलिओ पलंगावर उघडा होता आणि तू एकेक चित्र मधोमध कापत होतीस. चरचर आवाज, घाई नाही, जशी कारखान्यात कापडाच्या थरांवर कात्री चालवतात. मी तुझा हात धरला. तू मला ढकललंस, मी अर्धा जिना घरंगळत खाली आले. तू माझ्यावरून उडी मारून स्वयंपाकघरात गेलीस, मीही वेड्यासारखी तुझ्या मागोमाग आले, ओरडत, "का? का पण?" गॅसवर तवा होता, त्यावर उलथनं तापत पडलेलं. त्याचा फटका दंडावर बसला आणि तू ते उचललंच नाहीस. दाबून धरलंस. मला कातडीचा वास आला. बाबा दारात उभे होते. ते पहिल्यांदाच बोलले. "तिला जाऊ दे," ते म्हणाले. तू उलथनं त्यांच्या तोंडावर फेकून मारलंस.

हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात तू स्वच्छ, मुद्देसूद इंग्लिशमध्ये सांगितलंस की मुलगी घसरली आणि तव्यावर पडली. डॉक्टर मान हलवून लिहीत होता. बाबांच्या कपाळावर पट्टी होती, ती कुणाला दिसली नाही. पुढच्याच आठवड्यात बाबांनीच मला फ्रान्सला जायला लंडनच्या ट्रेनमध्ये बसवून दिलं. तू खोलीचं दार लावून बसलीस.

फ्रान्समध्ये ऊन इतकं की भिंती पांढऱ्या दिसायच्या. आम्हाला चित्रकला शिकवणाऱ्या बाईंना सगळे मादाम म्हणत. वय झालेलं, केस बारीक कापलेले, बोटं कोळशानं काळी. त्या सुरुवातीपासून माझ्या बँडेजकडे बघत होत्या, पण बोलल्या नाहीत. एका सकाळी समोर बसलेल्या मॉडेलचा खांदा मी चुकीचा काढला. तो दाखवायला मादामनी लाकडी पट्टी उचलली आणि मी इझलखाली जाऊन दोन्ही हातांनी डोकं झाकून बसले. वर्गात कुणीतरी हसलं. मग कुणीच हसेना. मादामनी पट्टी जमिनीवर ठेवली, माझ्याशेजारी मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "दंड दाखव."

ऑफिसात त्यांनी मला उभं केलं आणि घरचा नंबर फिरवला. फोनचा आवाज एवढा मोठा होता की तुझं हॅलो मला ऐकू आलं. मादाम फ्रेंचमध्येच सुरू झाल्या, तुला समजेल न समजेल याची पर्वा न करता. "मी तुमच्या मुलीचा दंड पाहिला आहे. हे तुम्ही केलंत?"

मी डोळे मिटले. आता इंग्लिश येणार, मुलगी घसरली. मग तुझा आवाज आला, पुस्तकातल्यासारखं फ्रेंच, एकेक अक्षर स्वच्छ. "वी, मादाम. मीच केलं." आणि मग तू बोलतच राहिलीस. मला सगळं समजलं नाही, पण पुष्कळ समजलं. तू म्हणालीस, मी तिला लहानपणापासून मारते. मला कळतं तोवर मारून झालेलं असतं. तू म्हणालीस, एकोणीस वर्षांची असताना माझी पण अशीच निवड झाली होती, फ्रान्समध्ये एक उन्हाळा. वडिलांनी पट्ट्यानं मारलं, हात पिरगाळून खांदा निखळवला आणि लग्न होईपर्यंत खोलीत कोंडून ठेवलं.

तो खांदा मला ठाऊक होता. वाळत घालताना तुझा डावा हात वर जायचा नाही. लहानपणी झोपाळ्यावरून पडले, असं तू सांगायचीस. आणि ते वडील म्हणजे आपल्या हॉलमधल्या फोटोतले आजोबा, चंदनाचा हार घातलेले. दर परीक्षेला तू मला त्यांच्यापुढे वाकायला लावायचीस.

मादाम केव्हातरी खुर्चीवर बसल्या होत्या. फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "तू परत जायलाच हवं असं नाही. इंग्लंडमध्ये अशा मुलांना मदत करणारी माणसं असतात, त्यांना मी फोन करू शकते." मी म्हटलं, "मी जाईन." त्यांनी विचारलं, "का?" मला नीट सांगता आलं नाही. मला वाटत होतं, जे माणूस असं तोंडानं बोललं ते आता थांबेल. सतरा वर्षांची होते मी.

आणि थोडे दिवस थांबलीसही. परत आले तेव्हा तू स्टेशनवर उभी होतीस, फोनबद्दल एक शब्द नाही. घरी पुरणपोळी केली होतीस. जेवताना तू विचारत राहिलीस, म्युझियममध्ये उजेड कुठून येतो, बाजारात बायका भाव करतात का, नाटक समजलं का. मी कधी तुला इतकं बोलताना पाहिलं नव्हतं. मग तू फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलंस आणि मी तिकडच्या पोरांसारखी पटकन म्हणाले, "झ से पा." मला माहीत नाही.

"झ न से पा. मधला 'न' कुठे गेला?" तू म्हणालीस.

"तिथे बोलताना कुणी लावत नाही गं आई. पुस्तकातच असतो तो."

"म्हणजे मी शिकवलं ते चूक?"

"चूक नाही. जुनं."

ताट माझ्या कानाजवळून गेलं आणि मागच्या खिडकीची काच फुटली. तू टेबलाला वळसा घालून आलीस, हात उगारलेला. मी तो हात धरला. मनगट धरलं, पिरगाळलं, आणि तुझा तोल गेला. आपण दोघी खाली पडलो, खुर्चीसकट. तू चावलीस. मी तुझे केस धरले. तुझ्या बांगड्या फुटल्या, काचा माझ्या तळहातात आणि तुझ्या मनगटात घुसल्या, फरशीवर कुणाचं रक्त कुणाचं ते कळेना. मग मी तुझ्या छातीवर बसलेय आणि माझी मूठ वर आहे. तू डोळे मिटलेस आणि कोपर तोंडावर आडवं घेतलंस. अगदी माझ्यासारखं. म्हणजे मी तुझ्यासारखं घेत होते, तू आजोबांसमोर घेतलं असशील तसं. तसंच कोपराआडून तू म्हणालीस, "मार की. मार."

मी उठले. रक्ताळलेल्या हातानंच दार उघडलं. मासी आधीच बाहेर उभी होती. "आव बेटा, अंदर आव," ती म्हणाली. पोलिसांना फोन करू का, असं तिनं विचारलं, मी नको म्हटलं. बागेत बाबा काचा वेचत होते. त्या घरी मी पुन्हा राहायला आले नाही.

पुढे लंडनला आर्ट कॉलेज, वेम्बलीत एका मैत्रिणीबरोबर खोली. तुझा फोन रविवारी यायचा. पहिल्या रविवारी तू "बोंजूर" म्हणालीस आणि मी गोंधळून "बोंजूर" म्हटलं, आणि मग तेच झालं. आपण मराठीत पुन्हा कधी बोललो नाही. तू मला 'वू' म्हणायचीस, तिकडचं तुम्ही. पोटच्या पोरीला! तुम्ही जेवलात का? तुमच्याकडे बर्फ पडला का? आवाज कधी चढला नाही. मी व्याकरण चुकवायचे, तू एकदाही सुधारलं नाहीस. एकदा तर तू स्वतःच 'न' गाळलास. तू मला तुम्ही म्हणत होतीस म्हणून तुझा हात उठत नव्हता, की फोनमधून हात पोचत नव्हता म्हणून तू तुम्ही म्हणत होतीस, हे मला आजही सांगता येत नाही. पण त्या रविवारांची मी वाट बघायचे, हे खरं.

मग एका मंगळवारी बाबांचा फोन आला. स्वयंपाकघरात तू खाली बसलीस आणि उठली नाहीस. डोक्यात रक्तस्राव. बाबा फोनवर रडत होते.

आई, हे तुला मी तुझ्या भाषेत लिहिलंय. लिंगं चुकली असतील. हे कुठे पाठवायचा प्रश्नच नाही, ड्रॉवरमध्येही ठेवणार नाही. फक्त एक गोष्ट अजून कुणाला सांगितलेली नाही. बाबांनी 'गेली' म्हटल्यावर मी विचारलं, "नक्की?" त्यांनी हो म्हटलं. मी पुन्हा विचारलं, "बाबा, नक्की ना?" त्यांना वाटलं, मला धक्का बसलाय. मला फक्त खात्री करून घ्यायची होती.