छातीतली डबी आणि माळ्यावरचं भंगार

३ फेब्रुवारी, सकाळी ९. नाडी ६०.

डॉक्टरांनी रोज नाडी मोजून वहीत लिहायला सांगितली आहे. त्यांना फक्त वरचे आकडे दाखवायचे. खालचा मजकूर माझा. चौथी पास आहे, माझं मला वाचता आलं म्हणजे झालं.

काल त्यांनी माझ्या छातीवर ते चपटं यंत्र धरलं, कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाले, आजी, डबीची बॅटरी संपत आली. डबी म्हणजे पेसमेकर. डाव्या खांद्याखाली कातडीच्या आत बसवलेला आहे, हृदय आळस करायला लागलं की त्याला ढोसतो. नऊ वर्षं झाली. जुनी डबी काढायची, नवी घालायची, अर्ध्या तासाचं काम. तीन महिन्यांच्या आत करायला हवं, पण वाट बघत बसू नका, म्हणाले.

म्हणजे तीन महिने आहेत.

मी घाबरले नाही. सून घाबरली. येताना गाडीत तिने माझा हात घट्ट धरला होता. की मी तिचा, ते नीट आठवत नाही.

५ फेब्रुवारी, दुपारी. नाडी ६०. (असणारच. डबीनेच तेवढी ठेवली आहे. रोज काय मोजायची.)

सुनेने दहा तारखेची वेळ घेतली. मला न विचारता. इकडे नात सांगत होती की एक मार्चला आमच्या इमारतीत जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तू न्यायला गाडी येणार आहे. सरकारी परवानावाले लोक आहेत, भंगारवाल्यासारखं फोडून जाळून टाकत नाहीत, सुटं करून पुन्हा वापरात आणतात. आमचा माळा अशा वस्तूंनी भरला आहे. मी सगळ्यांसमोर जाहीर केलं की घरची जबाबदारी माझी. काम अंगावर घेतलं की अर्धवट टाकायची मला सवय नाही. त्यामुळे दहा तारीख जमणार नाही.

सकाळी अकराला दवाखान्यात मीच फोन करून तसं कळवलं. आवाज जरा कापला. लाइन खराब होती.

८ फेब्रुवारी. नाडी ६०.

माळा खाली उतरवला. पाठीमागे पोट असलेला टीव्ही, दोन मिक्सर, इस्त्री, टेप, गुडघ्याएवढे दोन स्पीकर, मोबाइल चार, चार्जरचा एक मोठा गुंता. मुलगा म्हणाला, आई, टीव्ही कशाला देतेस, चालू आहे तो. मी म्हटलं, लाव. लागला नाही. म्हणाला, माळ्यावर टाकला तेव्हा चालू होता. एवढा शिकलेला माणूस.

एका मोबाइलची बॅटरी फुगली होती. मागचं झाकण उचकटून पोट बाहेर आलेलं. नात ओरडली, आजी, दाबू नकोस, टोचू नकोस, पेट घेते. सगळ्यांचे चेहरे उतरले. मी शांत. चिमट्याने उचलला आणि फ्रिजमध्ये दुधामागे ठेवला. गार राहील.

नातीला विचारलं, अशी कशाने फुगते गं. म्हणाली, जुनी झाली की. मग माझ्याकडे बघून एकदम चार्जर मोजायला लागली.

संध्याकाळी आरशात बघितलं. डबीची जागा फुगल्यासारखी वाटली. स्वेटरमुळे असेल. स्वेटर काढून बघितलं नाही, थंडी होती.

९ फेब्रुवारी. नाडी ६०.

दूध काढताना सुनेच्या हाताला मोबाइल लागला. तिने जे काही म्हटलं ते लिहीत नाही. नातीने तो वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात घालून गॅलरीच्या टोकाला ठेवला. तिथेच माझी खुर्ची असते. दिवसभर ऊन खायला बसले नाही. ऊन फार होतं.

१२ फेब्रुवारी, सकाळी १०. नाडी ६०.

भिंतीवरचं घड्याळ सकाळी अडखळत होतं. काटा पुढे जायचा, पुन्हा तिथेच थरथरायचा. मी त्याच्यासमोर किती वेळ उभी होते कोण जाणे. सून म्हणाली, आई, चहा गार झाला.

दुकानात जाऊन चोवीस सेल आणले. घड्याळ, रिमोट, टॉर्च, गजराचं घड्याळ, मुलाचा वजनकाटा, सगळ्यांचे सेल बदलले. मुलगा म्हणाला, वजनकाट्याचे गेल्याच महिन्यात घातले होते. मी म्हटलं, संपायची वाट कशाला बघायची. यावर सुनेने मान वर करून माझ्याकडे असं बघितलं की मी उठून आत गेले. काम होतं.

काढलेल्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून बरणीत भरले. नातीने असंच सांगितलं होतं, एकमेकांना लागून तापू नयेत म्हणून. काम अगदी चोख.

१७ फेब्रुवारी. नाडी विसरले. ६० धरू.

सुनेने वीस तारखेची नवी वेळ घेतली. हिला दुसरा उद्योग नाही.

खालच्या मजल्यावरची मास्तरीण आपल्या वस्तूंची यादी घेऊन वर आली. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी माणसांना बाकावर बसवल्यासारखी बोलते. सुनेने तिच्यापुढे माझा विषय काढला. मास्तरीण म्हणाली, अहो, त्यात काय, माझ्या भावाचाही पेसमेकर बदलला होता, दुसऱ्या दिवशी हसत घरी आला. मी विचारलं, आता कसे आहेत. म्हणाली, वारला. मग थोड्या वेळाने म्हणाली, सहा वर्षांनी, वयाने.

वाक्याचा उरलेला अर्धा भाग आधी सांगायला हिचं काय जातं.

तिला म्हटलं, तुमच्या जुन्या कॉम्प्युटरमधलं सगळं पुसलंत का. त्यात फोटो, पत्रं, बँकेचे आकडे, सगळं राहतं. यंत्र मेलं तरी पोटातलं बोलतं. मास्तरणीचा चेहरा पडला. बरं वाटलं.

२० फेब्रुवारी, दुपारी १२. नाडी ६०.

वीस तारीखही जमली नाही. चार्जरचा गुंता सोडवायचा होता. दवाखान्यातली फोनवरची मुलगी म्हणाली, आजी, तुम्हाला भीती वाटते का. मी म्हटलं, बाळ, माझी दोन बाळंतपणं घरात झाली, तू मला भीती शिकवू नकोस. फोन ठेवला आणि पाणी प्यायले. तीन पेले.

सुनेला सांगितलं की डॉक्टर गावाला गेले आहेत.

गुंता सुटला नाही. तसाच देणार आहे.

२४ फेब्रुवारी. नाडी ५८? ६२? ६०.

आज पायऱ्या चढताना मध्येच थांबले. दम लागला नव्हता. फक्त डबी चालू आहे का ते ऐकत होते. आतून काही ऐकू येत नाही, हाच तिच्यातला दोष. मिक्सर बिघडला की आधी वास येतो, टीव्ही बिघडला की मुंग्या दिसतात. ही काही सांगतच नाही. एक दिवस नुसती गप्प बसेल.

ठरवलं आहे. एक मार्चची गाडी गेली की दोन मार्चला स्वतःहून दवाखान्यात जायचं. किंवा आठवडा बघून.

१ मार्च, रविवार, दुपारी ४.

गाडी साडेदहाला आली. गाडीवाली बाई हातमोजे घालून होती, प्रत्येक वस्तू वजन करून पावती देत होती. फुगलेला मोबाइल तिने वाळूच्या डब्यासकट वेगळा ठेवला आणि म्हणाली, हे कोणी केलं, छान केलं. मी म्हटलं, आमच्या घरात शिस्त आहे. सून खोकली.

टीव्ही मुलाने आणि ड्रायव्हरने उतरवला. मी जिन्यात उभी राहून काच सांभाळा, काच सांभाळा, सांगत होते. स्पीकर राहिले होते. सगळे पुरुष टीव्हीत गुंतलेले. म्हटलं, यांच्या भरवशावर बसले तर गाडी निघून जाईल. एक स्पीकर उचलला, छातीशी कवटाळला आणि चार पायऱ्या उतरले.

छातीत धडधडायला लागलं. माझं नेहमीचं नाही. दुसऱ्याच कोणाचं तरी, आत बसून ठोकत असल्यासारखं. एकसारखं, जोरात. स्पीकर खाली टेकवला, पायरीवर बसले. थांबलं. मी म्हटलं, चढण्याउतरण्याने झालं असेल. पुन्हा उचलला. पुन्हा सुरू.

तेव्हा मी पायरीवर बसले ती उठलेच नाही. कठडा धरून बसले. मला वाटलं, झालं. जिन्यात, मांडीवर स्पीकर घेऊन.

गाडीवाली बाई वर आली, माझ्याकडे बघितलं, स्पीकर उचलून लांब नेला आणि विचारलं, आजी, तुम्हाला पेसमेकर आहे का. स्पीकरमध्ये मोठं लोहचुंबक असतं, ते छातीजवळ धरायचं नसतं, डबी चाल बदलते. लांब नेलं की पूर्ववत होते. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं का.

सांगितलं होतं म्हणे. नऊ वर्षांपूर्वी. डॉक्टर बरंच काही सांगतात.

सून धावत आली ती माझ्याशेजारी पायरीवरच बसली. मी तिला म्हटलं, उद्याची वेळ मिळते का बघ. तू फार काळजी करतेस म्हणून.

२ मार्च, सकाळी ६. नाडी तीनदा मोजली. तीन वेगळे आकडे आले.

दवाखान्याची पिशवी भरली आहे. अक्षर वेडंवाकडं येतंय, वही गुडघ्यावर आहे.

सुनेला बोलावून सांगितलं की काही कमीजास्त झालं तर माझ्या मनात तुझ्याबद्दल काही नाही. म्हणाली, आई, असं बोलू नका. मी म्हटलं, फ्रिजच्या वेळेस तू जे बोललीस तेवढं सोडून.

पाय गार पडले आहेत. फरशी गार आहे.

४ मार्च, घरी. सकाळी १०.

झालं. अर्ध्या तासाऐवजी चाळीस मिनिटं लागली. पूर्ण भूल नव्हती, तेवढीच जागा बधिर केली होती. माझ्या मते मी तोंडातून एक शब्द काढला नाही. नर्स म्हणाली, आजी, सारखं विचारत होतात, झालं का, झालं का. डॉक्टरांना मध्ये एकदा बाळा म्हणालात.

जुनी डबी मागितली. म्हटलं, पुढच्या गाडीत घालीन, नियमाप्रमाणे. नर्स म्हणाली, ती कंपनीकडे परत जाते. जाऊ दे.

परवा संध्याकाळी डॉक्टर दवाखान्यातल्या खोलीत आले. सून तिथेच खुर्चीवर होती. त्यांनी माझी वही मागितली. मी वरचे आकडे दिसतील एवढीच पानं उलटून दाखवली. साठ, साठ, साठ. मग त्यांनी खिशातून एक कागद काढला. डबी काढण्यापूर्वी तिच्यातली सगळी नोंद त्यांनी उतरवून घेतली होती. ठोके फार वाढले की डबी तारीख आणि वेळ लिहून ठेवते म्हणे. हे मला नऊ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल.

डॉक्टरांनी वाचून दाखवलं. पाच फेब्रुवारी, सकाळी अकरा, ठोके एकशे छत्तीस. बारा फेब्रुवारी, सकाळी आठ चाळीस. वीस फेब्रुवारी, सकाळी अकरा वीस, एकशे अठ्ठेचाळीस. आणखी सात होत्या. एक मार्चची चुंबकाची वेगळी नोंद होती, दोनदा.

वीस फेब्रुवारी ऐकून सून म्हणाली, पण त्या दिवशी तर डॉक्टर गावाला होते. डॉक्टर म्हणाले, मी इथेच होतो. मग दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी खिडकीकडे बघितलं. खिडकीला पडदा होता.

सुनेने माझं पांघरूण सारखं केलं. भांडली असती तर मी तिला उत्तर दिलं असतं.

डॉक्टर म्हणाले, नवी डबी बारा वर्षं चालेल आणि हुशार आहे. उशाशी एक छोटं यंत्र ठेवायचं. डबी त्याला सगळं सांगते आणि ते रोज आपोआप दवाखान्यात कळवतं. तुम्ही आता वही लिहिली नाही तरी चालेल.

यंत्र मुलाने सकाळी उशाशी लावलं. हिरवा दिवा आहे. बारा वर्षं इथेच राहणार.

म्हणजे यापुढे घाबरायचं तर दवाखान्यात कळवून घाबरायचं.