दादा नदीवर गेलेला नाही

महाचाई, थायलंड

लाडक्या न्यो न्योला दादाचे भरभरून आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. आईला भात जातो ना?

तुझं पत्र वाचून मात्र डोकं तापलं. जनगणनेच्या बाईंनी विचारलं, "परदेशी कोण गेलंय?" आणि तू म्हणालीस, "कोणी नाही, दादा नदीवर गेलाय!" बारा वर्षं नदीवरच बसलोय का गं मी? इथल्या मोजणीतही मालक म्हणाला, "शेडमध्ये बर्मी कोणी नाही." आत आम्ही चाळीस बर्मी कोळंबी सोलत होतो!

परदेशात आहे म्हटलं तर घराच्या नोंदीतून माझं नाव कापतील म्हणून घाबरलीस, कळतं मला. पण असंच सगळे सांगत राहिले, तर निम्मं गाव निघून गेलं हे सरकारला कळणार कसं? बाई अजून गावात असतील, उद्याच गाठ त्यांना. सांग, दादा परदेशात आहे, आणि आमच्याच घरचा आहे.

तुझाच,
थेन ऊ दादा